दोन मिलिमीटर

झाशी पुढच्या वीस वर्षांत कुठे आणि किती वाढायची हे ज्या खोलीत ठरतं, त्या खोलीतला पंखा गेली चार वर्षं दोनच्या आकड्यावर अडकून बसला आहे. तो तीनवर न्यायला आजवर कोणाला जमलेलं नाही. कार्यालयाचं नाव घेत नाही, अशी कार्यालयं प्रत्येक शहरात असतात. भिंतीवर हे लांबलचक नकाशे. पिवळ्या रंगात घरं, निळ्यात बाजार, जांभळ्यात कारखाने, आणि जे रस्ते अजून झालेले नाहीत ते तुटक रेषांनी. शहर मात्र नकाशाला विचारून वाढत नाही. ते वाटेल तिकडे पसरतं, आणि वीस वर्षांनी नकाशेवाले धापा टाकत त्याच्या मागे जाऊन विचारतात, की बाबा, तू इकडे कसा आलास. कमलाकर बिवलकरांनी ही धावाधाव दोनदा केली होती आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तिसऱ्यांदा करत होते.

बिवलकर म्हणजे त्या कार्यालयातले जुने मानचित्रकार. साध्या भाषेत नकाशे काढणारे. चौतीस वर्षं त्यांनी पाठ वाकवून शाईच्या रेघा मारल्या आणि निवृत्त झाले. नवा आराखडा करायचं काम या वेळी बाहेरच्या कंपनीला दिलं होतं. कंपनीकडे संगणक होते, आकाशातून काढलेले फोटो होते, फक्त जुने कागद वाचू शकेल असा माणूस नव्हता. कुठल्या शीटवर कोणती खूण कोणी आणि का केली, हे सांगणारे एकटे बिवलकर उरले होते. म्हणून त्यांना रोजंदारीवर बोलावून घेतलं. गुडघे दुखत होते, ऑटोत चढताना हात धरायला लागत होता, तरी ते गेले. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा तिथे जाऊन मोजा, असं बायकोने, रजनीबाईंनी, सांगितलं होतं.

बिवलकरांचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी कोकणातून दफ्तराच्या कामाला इकडे आले आणि इथलेच झाले. घरात अजून मोरीला न्हाणी म्हणतात आणि सणाला पुरण शिजतं. पण भाजीवाल्याशी, ऑटोवाल्याशी, आणि खरं सांगायचं तर नातीशीसुद्धा, हिंदीतच बोलावं लागतं. पिढ्यान् पिढ्या दतिया गेटजवळ भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर बिवलकरांनी बिजौलीच्या रस्त्याला स्वतःचं घर बांधलं. कार्यालयातल्या बारा जणांनी मिळून समिती काढली, शेतजमिनीचा तुकडा घेतला आणि त्याची बारा भूखंडांत वाटणी केली. मधे सहा मीटरची गल्ली, उत्तरेला सहा घरं, दक्षिणेला सहा. कोणाला कुठलं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. बिवलकरांची चिठ्ठी दक्षिणेची निघाली. त्यांचा मित्र विश्वंभर कर्पे त्याच कार्यालयात टंकलेखक होता. त्याची निघाली उत्तरेची, बरोब्बर समोरासमोर. दोघंही खूश. सकाळी दात घासताना एकमेकांची तोंडं दिसणार म्हणून विश्वंभर हसला होता.

दुसऱ्याच वर्षी शहराचा आराखडा मंजूर होऊन आला. त्यात शहराबाहेरून जाणारा अठरा मीटरचा एक नियोजित रस्ता होता आणि त्याची तुटक रेषा उत्तरेच्या सहाही घरांवरून गेली होती.

आता रेषा म्हणजे काही बुलडोझर नव्हे. रस्ता काही झाला नाही. सत्तावीस वर्षांत तिथे एक फावडं पडलं नाही. पण रेषेखालच्या माणसाचं जे होतं ते फावड्यानेही होत नाही. नकाशा मंजूर होत नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. वर खोली चढवता येत नाही, पत्रा काढून स्लॅब घालता येत नाही. विकायला काढलं तर गिऱ्हाईक नकाशाचं नाव काढतं आणि चहा न पिताच उठतं. उत्तरेच्या सहातल्या चौघांनी हळूहळू मिळेल त्या भावाने काढून टाकलं आणि ते गेले. घेणाऱ्यांनी रातोरात मजले चढवले, ज्याला जे द्यायचं ते देऊन. पाचव्या घराला कुलूप आहे. विश्वंभर राहिला. रेषेखालच्या लोकांना ज्या नोटिसा जात त्या टाइप करणारा तोच. स्वतःची नोटीसही त्याने स्वतःच टाइप केली होती. असा माणूस चोरून स्लॅब घालणार कुठून? पत्रे गळायचे. पावसाळ्यात पातेली मांडायची, उन्हाळ्यात पत्र्यावर गोणपाटं भिजवून टाकायची. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात त्या पत्र्याखालीच तो गेला. छातीत कळ आली, पण डॉक्टर म्हणाले उष्म्याचंही कारण आहे. मागे सुहासिनीबाई राहिल्या, एकट्या.

बिवलकरांच्या घराला मात्र काही झालं नाही. खाली तीन खोल्या झाल्या, वर टाकी बसली, आणि आता वरचा मजला व्हायचा होता. त्यांचा मुलगा मुकुल हरिद्वारला सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. चार वर्षं अर्ज करून करून त्याला झाशीच्या कारखान्यात बदली मिळाली होती. बायको स्वाती आणि आठ वर्षांची स्वरदा यांना घेऊन तो जूनमध्ये यायचा होता. कर्ज तयार होतं. वरच्या मजल्याचा नकाशा दाखल झाला होता. नवा आराखडा प्रसिद्ध झाला की मंजुरी देतो, असं कार्यालयाने सांगितलं होतं. रजनीबाईंनी अंगणात जिना कुठून चढायचा तिथे खडूच्या खुणासुद्धा केल्या होत्या.

मार्चमधल्या एका मंगळवारी, आराखडा छापायला जायच्या दोन दिवस आधी, रेवतीने बिवलकरांना हाक मारली.

रेवती कंपनीची. ग्वाल्हेरच्या मराठी घरातली, सव्वीस-सत्तावीसची, कामाला चोख. मराठी तिला सगळं समजायचं, बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर हिंदीची गाडी पकडायची. तिचं काम होतं जुन्या शीटा संगणकात घेऊन आकाशातल्या फोटोवर अंथरायचं. नऊ नंबरची शीट फोटोवर नीट बसत होती. रेल्वेची लाइन बसली, नाल्यावरचा पूल बसला, बिजौलीचा रस्ता बसला. वरचा उजवा कोपरा तेवढा बसत नव्हता.

"काका, हा कोपरा बैठत नाही आहे," ती म्हणाली. "बाकी सब ठीक आहे. इथे सगळं वर सरकलेलं आहे, बीस मीटर. ही विहीर बघा. शीटवर या घराच्या आंगनात आहे, आणि फोटोत गल्लीच्या या बाजूला, निळी टाकी असलेल्या घराच्या मागे. तुम्ही तर तिथेच राहता ना? विहीर नेमकी कुठे आहे?"

बिवलकरांनी पडद्याकडे बघितलं. निळ्या टाकीचं घर त्यांचं होतं. विहीर त्यांच्या परसाला लागून होती, आजही आहे, कठडा पडलेली, तळाशी काळं पाणी. आणि शीटवरची विहीर सुहासिनीबाईंच्या अंगणात होती, जिथे विहीर कधीही नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. कोपऱ्याच्या कडेने एक बारीक फिकट रेघ दिसत होती, ठिगळाच्या शिवणीसारखी. ठिगळच होतं ते. त्यांनी स्वतः लावलेलं.

गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा कार्यालयात नागपूरचे जनार्दन देवधर साहेब होते. साहेब कडक, आणि त्यांचा एक नियम देवाच्या नेमासारखा होता, की प्रिंटवरून माप घ्यायचं नाही. माप घ्यायचं ते मूळ ट्रेसिंगवरून, शाईने काढलेल्या शीटवरून. प्रिंट म्हणजे कागद, आणि कागद ओल पिऊन ताणतो. हे नव्या पोरांना शिकवायचं काम साहेबांनी बिवलकरांवरच सोपवलं होतं. आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध करायची परवानगी घ्यायला साहेब रात्रीच्या गाडीने लखनौला निघायचे होते, त्या दिवशी दुपारी नऊ नंबरची शीट उलगडली तर वरचा उजवा कोपरा वाळवीने खाल्लेला. ती शीट दुसऱ्याच मानचित्रकाराने काढली होती आणि तो रजेवर. साहेबांनी बिवलकरांना तीन तास दिले. कोपऱ्याची नक्कल उरली होती ती फक्त भिंतीवरच्या प्रिंटमध्ये. जूनचा महिना, त्या साली नवा कूलर आलेला, आणि ती प्रिंट दीड महिना कूलरच्या बरोब्बर समोर लटकलेली.

घाई होती हे खरं. दुसरा मार्ग नव्हता हेही खरं. शीटच्या खालच्या कडेपासून पट्टी लावून त्यांनी प्रिंटवरून मापं घेतली, नवा तुकडा जोडला, त्यावर आधी विहीर काढली, मग गाडीवाट, मग नियोजित रस्त्याची तुटक रेषा. इतका वेळ हात यंत्रासारखा चालला होता. रेषा पुरी झाल्यावर त्यांच्या मनात आलं, आपली कॉलनी इथेच कुठेतरी असणार. कॉलनी शीटवर नव्हती, तिथे नुसती शेतं होती. त्यांनी बिजौलीच्या रस्त्यापासून अंतर मोजलं आणि पेन्सिलीने दोन बारीक टिंबं दिली, एक आपलं, एक विश्वंभरचं. रेषा विश्वंभरच्या टिंबावरून गेली होती.

त्या क्षणी कमलाकर बिवलकरांना काय वाटलं असेल? हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला, असंच. मग लगेच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून त्यांनी घाईघाईने दोन्ही टिंबं खोडून टाकली आणि शीट गुंडाळली. एरवी हा माणूस प्रत्येक माप तीनदा घ्यायचा. सगळं कार्यालय त्यावरून त्यांची टिंगल करायचं. त्या दिवशी त्यांनी ते एकदाच घेतलं. विहिरीकडे एक नजर टाकली असती तरी कळलं असतं, कारण विहीर आपल्या भूखंडाच्या मागे आहे हे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या त्याच दिवशी बघितलं होतं. पण उत्तर मनासारखं आलं की गणित कोण तपासतं? कागद ताणला होता दोन मिलिमीटर. शीटवरचे दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर वीस मीटर. वीस मीटर म्हणजे गल्लीच्या या बाजूऐवजी त्या बाजूला.

"काका?" रेवतीने विचारलं.

विहीर फोटोत आहे तिथेच आहे, एवढं ते म्हणाले. मग तिने सरळ सांगितलं की दोन मार्ग आहेत. मंजूर शीटवर जे आहे ते तसंच ठेवायचं, नाहीतर कोपरा दुरुस्त करून बाकीच्या शीटबरोबर खाली ओढायचा. खाली ओढला की रेषा निळ्या टाकीच्या रांगेतल्या घरांवरून जाईल. ते घर कोणाचं हे तिला माहीत नव्हतं. काय करायचं हे जुन्या माणसाने लेखी टिपण देऊन सांगावं, अशी पद्धत होती. बिवलकरांनी हळूच विचारून बघितलं, की हा रस्ता काढूनच टाकला तर? इतक्या वर्षांत झाला नाही, आता काय होणार? रेवती म्हणाली की या वेळी होणार. दोन्ही टोकांचे रस्ते झालेले आहेत, दोन्हीकडे डांबर येऊन थांबलंय, राहिलाय तो मधला तुकडा. आराखड्याला मंजुरी मिळाली की जमीन घेणं सुरू.

बड्या साहेबांचं मत त्याच दिवशी कळलं. ते लखनौचे, सभ्य, घाईतले. त्यांनी पडद्याकडे अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाले, जे मंजूर आहे तेच बरोबर, बाबूजी. बीस मीटर का क्या है, रास्ते को थोड़ा घुमा देंगे. आप बस लिख दीजिए कि कोना ठीक है. आणि ते बैठकीला गेले. थोडक्यात काय, बिवलकरांना खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. जसं आहे तसं राहू द्या म्हटलं की पुरे. जग त्यावरच चाललंय. कोणी बोट दाखवलं नसतं, कारण बोट दाखवू शकेल असा माणूस तेच होते.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा रजनीबाई फोनवर होत्या आणि फोनच्या पडद्यावर स्वरदा होती. तिला तिची खोली बघायची होती. खोली अजून आकाशात आहे, असं आजीने सांगितलं तर म्हणे आकाशच दाखवा. आजोबांनी फोन हातात घेऊन गच्चीच्या कोपऱ्याकडे धरला. "दादाजी, मेरी खिड़की से क्या दिखेगा?" तिने विचारलं. समोरचं घर दिसेल, असं ते म्हणाले, आणि फोन रजनीबाईंकडे देऊन आत गेले.

थोड्या वेळाने सुहासिनीबाई आल्या, वाटीत कैरीची डाळ घेऊन. त्या कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. त्यांनी सांगितलं की सागर गावी राहणारा पुतण्या निशांत परवा त्यांना न्यायला गाडी घेऊन येतोय. तो खूप दिवस मागे लागला होता, शेवटी त्या हो म्हणाल्या. घराला कुलूप लावायचं. यंदाचा उन्हाळा पत्र्याखाली नाही निघायचा, अंगात ताकद नाही उरली. मग उठता उठता त्यांनी तो प्रश्न विचारला. आराखड्याची बोलणी सुरू झाल्यापासून त्या तो दर आठवड्याला विचारत होत्या, फारशी आशा न ठेवता, हवापाण्याची चौकशी करावी तसा. "नव्या नकाशात आमच्या रेषेचं काही कळलं का, भाऊजी?"

"उद्या सांगतो, वहिनी," बिवलकर म्हणाले.

त्या रात्री ते झोपले नाहीत एवढंच सांगतो. सकाळी चहाच्याही आधी ते परसात गेले. विहिरीच्या कठड्याला पाठ लावून उभे राहिले आणि पावलं मोजत घराच्या कडेने निघाले, गल्ली ओलांडून सुहासिनीबाईंच्या अंगणापर्यंत. अठ्ठावीस पावलं. परत फिरले, पुन्हा मोजली. अठ्ठावीस. तिसऱ्यांदाही मोजली. मोजायचं काही नव्हतं, फोटोत सगळं होतं, पण त्या दिवशीची राहिलेली दोन मापं त्यांना घ्यायची होती. आता घेऊन उपयोग काय, हे त्यांनाही कळत होतं. गुडघ्यात कळा येत होत्या. समोरच्या पत्र्यावर दगड ठेवलेले दिसत होते, वाऱ्याने उडू नये म्हणून विश्वंभरने स्वतः चढून ठेवलेले.

कार्यालयात जाऊन त्यांनी टिपण लिहिलं. हिंदीत, चार ओळी. शीट क्रमांक नऊचा ईशान्येचा कोपरा मूळ नसून नंतर जोडलेला आहे. तो प्रिंटवरून माप घेऊन काढल्यामुळे वीस मीटर चुकला आहे. विहिरीची जागा प्रत्यक्ष मोजून खात्री केली आहे. जोडणारा आणि चुकणारा मीच आहे, सबब कोपरा दुरुस्त करावा. खाली सही.

बड्या साहेबांनी ते वाचलं, आणि रेवतीला दुरुस्त केलेला कोपरा दाखवायला सांगितलं. कोणाकोणाची घरं येतात म्हणून यादी विचारली. तिसरं नाव ऐकून त्यांनी मान वर केली.

"यह तो आपका ही घर है, बाबूजी," ते म्हणाले. "सोच लीजिए. मैं समझूँगा, यह कागज़ मैंने अभी देखा ही नहीं."

"सोच लिया, साहब," बिवलकर म्हणाले. "सत्ताईस साल पहले सोचना चाहिए था."

साहेबांनी थोडा वेळ पेन हातात फिरवलं आणि टिपणावर सही केली. रेवतीने पडद्यावरचा कोपरा धरला आणि खाली ओढला. एवढंसं काम. विहीर विहिरीवर बसली, गाडीवाट गाडीवाटेवर, आणि तुटक रेषा गल्ली ओलांडून निळ्या टाकीवर आली. बिवलकर ते बघायला थांबले, कारण कोणीतरी बघायला हवं होतं. मग आपली पट्टी आणि डबा पिशवीत घालून ते दुपारीच निघाले. ऑटोवाल्याने दोनदा विचारलं तेव्हा कुठे उतरायचं ते त्यांना सांगता आलं.

रजनीबाई अंगणात गहू निवडत होत्या. बिवलकरांनी समोर बसून सगळं सांगितलं, कूलरपासून सहीपर्यंत, काही न गाळता. टिंबं खोडली तेही सांगितलं. ते त्यांनी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. रजनीबाईंचे हात आधी थांबले, मग चालू झाले, मग पुन्हा थांबले. त्या रागावतील, रडतील, मुकुलचं काय म्हणून विचारतील, अशी सगळी तयारी बिवलकरांनी वाटेत केली होती.

"दर पावसाळ्यात तिच्या घरात पातेली मांडलेली बघायची," रजनीबाई म्हणाल्या, "आणि घरी येऊन देवापुढे हात जोडायचे, की बाबा, आपल्यावर नाही आलं. सत्तावीस वर्षं. ते आपलंच होतं होय?"

रजनीबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"सुहासिनीला सांगितलंत?"

"नाही."

"आधी तिला सांगा. उद्या गाडी येईल तिची. मुकुलला मी कळवते."

सुहासिनीबाई पेट्या बांधत होत्या. घरात भांडी पोत्यात भरलेली, देव एका टोपलीत. त्यांनी खुर्चीवरचं अंथरूण उचलून बिवलकरांना बसायला दिलं आणि स्वतः पेटीवर बसल्या. वर पत्रा तापून कडकड वाजत होता. बिवलकरांनी सांगायला सुरुवात केली. घरून जुळवून आणलेली वाक्यं दाराशीच विसरली होती, म्हणून जसं सुचेल तसं सांगत गेले. रेषा तुमच्यावर नव्हतीच, वहिनी. ती माझ्यावर होती. माझ्या हाताने चुकली. आता दुरुस्त केली. तुमचं घर मोकळं आहे, स्लॅब घाला, मजला चढवा, विका, काहीही करा. त्यांनी माफी मागितली. माफी हा शब्द त्यांच्या तोंडी बसत नव्हता, तो दोनदा अडखळला.

सुहासिनीबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मधे कुठेही त्यांनी "अगबाई" म्हटलं नाही की कपाळाला हात लावला नाही.

"तेव्हा नकाशावर महिनाभर हरकती घेत होते," त्या म्हणाल्या. "बाकीच्या पाचांनी अर्ज केले. मी ह्यांना म्हटलं, आपणही करू या, मोजायला तरी येतील. हे नाही म्हणाले."

बिवलकरांना ते आठवत होतं. हरकतींच्या ढिगात विश्वंभरचा अर्ज नव्हता, आणि बाकीचे पाच फेटाळले गेले होते, कारण पाचही जण म्हणत होते की रस्ता नको. रेषा चुकली आहे, मोजून बघा, असं कोणीच लिहिलं नव्हतं. तसं लिहिणारा माणूस विश्वंभरच होता. त्याला कागद वाचता येत होते.

"आता तुमच्यासाठी पुन्हा महिना मिळेल ना, भाऊजी?" सुहासिनीबाईंच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. "तुम्ही तरी हरकत घ्या. मुलगा येतोय, नात येतेय. आम्ही नाही घेतली, ती चूक झाली."

"कशावर घेऊ, वहिनी?" बिवलकर म्हणाले. "या वेळी रेषा बरोबर आहे. मी स्वतः मोजली आहे."

सुहासिनीबाईंनी मान हलवली.

"ह्यांनीही तेव्हा हेच सांगितलं," त्या म्हणाल्या. "म्हणाले, कमलाकरने काढली आहे, तो तीनदा मोजतो, चुकायचा नाही. कशावर हरकत घेऊ?"

पत्रा वाजत राहिला. गल्लीतून कोणाची तरी स्कूटर गेली. सुहासिनीबाईंनी पोत्यात हात घालून एक पेला शोधून काढला आणि त्यांना पाणी दिलं.